जमिनीच्या पोटातला ताण कसा मोजायचा: सह्याद्रीच्या कातळापासून मुंबईच्या चिखलापर्यंत

कातळातला ताण थेट मोजणारं एकही उपकरण नाही. आपण मोजतो तो पाण्याचा दाब, दोन खुंट्यांमधलं अंतर, नाहीतर ताणलेल्या तारेची कंपनसंख्या. त्यासाठी आधी कातळाला किंवा मातीला थोडं डिवचावं लागतं: भोक पाडायचं, फट कापायची किंवा पातं खुपसायचं. मग ती काय प्रतिसाद देते ते बघायचं आणि त्यावरून मूळ ताणाचा हिशोब उलटा मांडायचा. त्यामुळे अहवालातल्या प्रत्येक आकड्यामागे काही गृहीतकं असतात. ती ठाऊक नसतील, तर चाचणीवर लाखो रुपये खर्चूनही हाती भरवशाचं काही लागत नाही. हा लेख साइटवर पहिल्यांदाच अशी चाचणी करून घेणाऱ्या सिव्हिल इंजिनिअर आणि भूशास्त्रज्ञांसाठी आहे. एजन्सी कोणतीही असली तरी तिच्याकडून काय मागायचं आणि कुठे उभं राहून स्वतः पाहायचं, हे तुम्हाला ठरवता यायला हवं.

आधी प्रश्न ठरवा

'इन-सिटू स्ट्रेस टेस्ट करा' (म्हणजे ताण जागेवरच मोजा) एवढंच टेंडरमध्ये लिहिलेलं असतं, आणि गोंधळाला तिथूनच सुरुवात होते. तुम्हाला नक्की काय हवंय? समजा, सह्याद्रीच्या कड्याखाली पंप्ड स्टोरेज (पाणी वर चढवून साठवणाऱ्या) जलविद्युत प्रकल्पाची उच्चदाब शाफ्ट आहे. तिथला मुख्य प्रश्न असा: आतल्या पाण्याचा दाब कातळातल्या सर्वांत लहान ताणापेक्षा जास्त तर होणार नाही ना? तसं झालं तर जुन्या भेगा उघडतात आणि पाणी डोंगरात घुसतं. तिथे पोलादी अस्तराशिवाय पर्याय राहत नाही. भूमिगत वीजगृहाचा प्रश्न निराळा असतो. तिथे मोठ्या आडव्या ताणाची दिशा हवी असते, कारण तो ताण लांबलचक भिंतींवर काटकोनात येणार नाही अशा बेताने गुहेचा अक्ष ठरवायचा असतो. मुंबईत खोल खोदकाम करताना डायफ्रॅम भिंतीवर (खोदकामाआधी जमिनीत ओतलेल्या काँक्रीटच्या भिंतीवर) माती आणि पाणी मिळून किती रेटा देतील, हे हवं असतं. तिन्ही प्रश्नांना उपकरणं वेगळी लागतात. त्यामुळे प्रश्न एका ओळीत लिहून काढा आणि तो एजन्सीला वाचायला द्या.

कागदावरचा अंदाज

रिग साइटवर येण्याआधी अपेक्षित आकडे वहीत लिहिलेले हवेत. उभा ताण काढणं सोपं आहे: वरच्या थरांचं वजन. घट्ट बसाल्टची घनता दर घनमीटरला २.८ ते २.९ टन असते, बुडबुडेवाल्या अमिग्डलॉइडल बसाल्टची आणि ब्रेसियाची (तुकड्यांनी बनलेल्या खडकाची) त्याहून कमी. कोअरचे (बोअरमधून निघालेल्या दंडगोल नमुन्याचे) तुकडे प्रयोगशाळेत तोलून थरवार बेरीज करा. सरासरी २.८ धरली तर दर मीटरला ०.०२७५ मेगापास्कल, म्हणजे ३०० मीटरवर सुमारे ८.२ मेगापास्कल.

आडव्या ताणाचं गणित इतकं सरळ नाही. ब्राउन आणि होक यांनी १९७८ मध्ये जगभरातली मोजमापं एकत्र मांडली. सरासरी आडवा ताण आणि उभा ताण यांचं गुणोत्तर साधारण (१०० ÷ खोली + ०.३) आणि (१५०० ÷ खोली + ०.५) या दोन मर्यादांमध्ये पडतं, असं त्यांना दिसलं, खोली मीटरमध्ये. ३०० मीटरसाठी हिशोब करून पाहा: ०.६३ ते ५.५. इतकी मोठी तफावत असताना पुस्तकातून एक आकडा उचलून डिझाइन करणं धोक्याचं आहे. मोजमापाला पर्याय नाही तो याचमुळे.

सह्याद्रीत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. घाटमाथ्याच्या काठाजवळ कड्याला काटकोनात असलेला ताण मोकळा झालेला असतो. माथ्यापासून खोली ३०० मीटर भरली, तरी कड्याचा उघडा चेहरा आडवा मोजला तर ८० मीटरवर असू शकतो. म्हणून छेदनकाशा काढून दोन्ही अंतरं मोजा आणि लहान अंतराला महत्त्व द्या. शिवाय आपला डेक्कन ट्रॅप थरांचा आहे. घट्ट बसाल्ट ताण धरून ठेवतो. मधला तांबडा बोल (दोन थरांमधली मातीसारखी पट्टी) किंवा मऊ ब्रेसिया तो फारसा धरत नाही. एका थरातला आकडा बिनदिक्कत दुसऱ्या थराला लावू नका.

पद्धत निवडताना

भारतीय मानक १३९४६ चे चार भाग आहेत: हायड्रॉलिक फ्रॅक्चरिंग, भोकाच्या व्यासातला बदल मोजणारा गेज, स्ट्रेन गेज (कातळ किती ताणला-आकसला ते मोजणाऱ्या पट्ट्या) चिकटवलेले सेल आणि फ्लॅट जॅक. आपल्या देशात बहुतेक कामं यांतच बसतात.

अजून एकही बोगदा खणलेला नसेल आणि जागा जमिनीपासून शेकडो मीटर खाली असेल, तर हायड्रॉलिक फ्रॅक्चरिंग निवडा. चाचणी बोगदा आधीच तयार असेल आणि ताणाचे सहाही घटक हवे असतील तर ओव्हरकोरिंग, म्हणजे गेजभोवतीचा कातळ कापून मोकळा करणं. बोगद्याच्या भिंतीवर आत्ता किती ताण आहे एवढंच हवं असेल तर फ्लॅट जॅक, म्हणजे कापलेल्या फटीत बसवून फुगवायची चपटी पिशवी. जमलं तर दोन पद्धती वापरा. त्यांची उत्तरं जुळली की डिझाइन करणाऱ्याला खरा आधार मिळतो.

हायड्रॉलिक फ्रॅक्चरिंग

कल्पना सोपी आहे. उभ्या बोअरमधला छोटा भाग वर-खाली रबरी पॅकर फुगवून बंद करायचा आणि त्यात पाण्याचा दाब वाढवत न्यायचा. एका क्षणी कातळाला भेग पडते. ही भेग सर्वांत लहान ताणाला काटकोनात उघडते, कारण तिथे तिला सर्वांत कमी विरोध होतो. ती नुसती उघडी ठेवायला लागणारा दाब म्हणजे लहान ताण.

बोअर साधारण ७६ मिलिमीटर व्यासाचा, हिऱ्याच्या बिटने काढलेला आणि शक्य तितका सरळ असावा. कोअर पेटीत लावून झाली की स्वतः तिच्यापाशी बसा. ज्या भागात सांधा नाही, कॅल्साइटची शीर नाही, थरांची सीमा नाही, असे दीडेक मीटरचे सलग तुकडे शोधा. माझा सल्ला: एका बोअरमध्ये आठ-दहा जागा निवडून ठेवा, म्हणजे निम्म्या वाया गेल्या तरी काम अडत नाही. जागा निवडण्याचं काम रिगवाल्यावर कधीही सोपवू नका. पूर्ण चाचणीचा दर्जा इथेच ठरतो.

उपकरण खाली सोडण्याआधी पोलादी पाइपात सगळी जुळणी दाबाखाली तपासून घ्या. पॅकर फुगवल्यावर त्यांचा दाब मधल्या भागातल्या दाबापेक्षा कायम सुमारे २ मेगापास्कलने जास्त ठेवा, नाहीतर पाणी पॅकरच्या कडेने निसटतं आणि आलेख भलतंच सांगतो. दाब मोजणारा सेन्सर शक्यतो खाली चाचणीच्या जागीच असावा. तो वर, तोंडापाशी असेल तर पाण्याच्या स्तंभाचा दाब मिळवायला विसरू नका. ३०० मीटरला तो २.९४ मेगापास्कल होतो, आणि एवढी चूक झाली तर सगळा निष्कर्ष उलटू शकतो.

आता प्रत्यक्ष चाचणी. आधी थोडा दाब देऊन झडप बंद करा आणि पाहा. दाब झपाट्याने उतरला तर तिथे आधीच भेग आहे. जागा बदला किंवा पुढे सांगितलेली दुसरी चाचणी करा. दाब टिकला तर एकसारख्या गतीने पाणी सोडा, अशा बेताने की एक ते तीन मिनिटांत भेग पडावी. आलेख सरळ चढत जातो आणि मग एकदम कोसळतो. तो माथा म्हणजे भंगदाब. लगेच पंप थांबवून झडप बंद करा. पाइपातला दाब सोडू नका, नुसतं बघा: दाब आधी झटकन आणि मग मंद उतरतो. या वळणावर शट-इन दाब मिळतो, म्हणजे भेग नुसती उघडी ठेवणारा दाब. काही मिनिटांनी दाब पूर्ण सोडा, आत गेलेलं पाणी किती परत आलं ते मोजा, आणि हेच चक्र तीन-चार वेळा पुन्हा करा. दुसऱ्या चक्रापासून कातळाची तन्यता (ताणून तुटायला होणारा विरोध) मधे येत नाही; भेग ज्या दाबाला पुन्हा उघडते तो पुनरुघड दाब. शेवटी पाण्याची गती पायरी-पायरीने वाढवत एक चाचणी घ्या. त्या आलेखाचा उतार जिथे बदलतो तो बिंदू शट-इन दाबाची उलटतपासणी करून देतो.

चक्रागणिक शट-इन दाब थोडा घसरून स्थिरावला तर भेग बोअरपासून दूर, अबाधित कातळात पोचली आहे. तोच स्थिर आकडा घ्या. तो स्थिरावतच नसेल तर त्या जागेचा निकाल बाद करा, मग ठेकेदाराचं बिल कितीही अडो.

हिशोबाचं उदाहरण घेऊ. आकडे समजावण्यापुरते घेतलेले आहेत. खोली ३०० मीटर, भूजल ४० मीटरवर, म्हणजे रंध्रदाब (कातळाच्या छिद्रांतल्या पाण्याचा दाब) २.५५ मेगापास्कल. भंगदाब १४, पुनरुघड दाब ९, शट-इन दाब ७. लहान आडवा ताण थेट ७ मेगापास्कल. मोठा आडवा ताण = ३ × शट-इन − पुनरुघड − रंध्रदाब = २१ − ९ − २.५५ = ९.४५ मेगापास्कल. भंगदाब आणि पुनरुघड दाब यांतला फरक, ५ मेगापास्कल, ही कातळाची तन्यता. ती प्रयोगशाळेतल्या कोअरशी ताडून पाहा.

सूत्रातला तो ३ नीट लक्षात घ्या. शट-इन दाब वाचताना अर्ध्या मेगापास्कलची चूक झाली तर मोठ्या ताणात दीड मेगापास्कलची चूक होते. पुनरुघड दाबही चुकीचा वाचला जाऊ शकतो. पंपापासून पॅकरपर्यंतची नळी लांब आणि लवचीक असेल तर भेग आधीच उघडलेली असते आणि आलेखावर ते उशिरा दिसतं. पुनरुघड आणि शट-इन दाब जवळजवळ सारखे येऊ लागले तर मोठ्या ताणाच्या आकड्यावर विसंबू नका. लहान ताण मात्र या पद्धतीत खरोखर भरवशाचा मिळतो. आपल्या शाफ्टचा प्रश्न त्याच्यावरच सुटतो: पाण्याची उंची ५०० मीटर असेल तर दाब ४.९ मेगापास्कल, आणि ७ ला ४.९ ने भागल्यास १.४३. निदान १.३ हवं असं धरलं, तर या जागी भेगा उघडण्याची भीती नाही. पण हे एकाच जागेचं उत्तर आहे. शाफ्टच्या पूर्ण लांबीवर तपासा.

दिशेसाठी मऊ रबराचा इम्प्रेशन पॅकर त्याच जागी नेऊन, पुनरुघड दाबाच्या वर फुगवून, अर्धा तास तसाच ठेवतात. भेगेचा ठसा रबरावर उमटतो. तो उत्तरेशी जोडायला होकायंत्र वापरतात, आणि बसाल्टमध्ये घोळ होतो तो इथेच. आपला कातळ स्वतः चुंबकीय आहे, वर पोलादी केसिंग. सुई कुठेही वळू शकते. टेंडरमध्ये जायरो असलेलं (चुंबकावर न चालणारं) दिशामापक स्पष्ट लिहून मागा.

ठशातली भेग उभी असेल तर वरचं सूत्र चालतं. ती तिरकी असेल किंवा चाचणी जुन्याच सांध्यावर झाली असेल, तर शट-इन दाब म्हणजे फक्त त्या भेगेला काटकोनात असलेला ताण. अशा वेगवेगळ्या कलांच्या भेगा पुरेशा, निदान सहा-सात, मिळाल्या तर त्यांतून पूर्ण ताण सोडवता येतो. सांध्यांनी भरलेल्या बसाल्टमध्ये हाच मार्ग अनेकदा जास्त व्यवहार्य ठरतो.

काम चालू असताना बोअरच्या तोंडासमोर कोणीही उभं राहायचं नाही, आणि दाब शून्यावर आल्याचं गेजवर पाहिल्याशिवाय एकही जोड सोडायचा नाही. फुगलेला पॅकर बोअरमधून उसळला तर माणूस जायबंदी होतो.

बोअरच्या भिंतींवरच्या खुणा

खोल बोअरमध्ये ताण स्वतःच आपली सही करून ठेवतो. लहान आडव्या ताणाच्या दिशेला भिंतीचे कपचे उडतात आणि भोक लंबगोल होतं. ड्रिलिंगमुळे पडणाऱ्या बारीक उभ्या भेगा मात्र मोठ्या ताणाच्या दिशेला असतात. भिंतीची प्रतिमा घेणारा लॉग चालवला की दोन्ही दिसतात. कोयनेला ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर हा प्रश्न आपल्यासाठी जिव्हाळ्याचा झाला. तिथे केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने गोठणे गावाजवळ ३ किलोमीटर खोल प्रायोगिक बोअर घेतला. सव्वा किलोमीटरच्या आसपास बसाल्ट संपून त्याखालचा ग्रॅनाइट-नाइस लागला. त्या बोअरच्या प्रतिमांवरून मोठा आडवा ताण साधारण उत्तर-दक्षिण असल्याचं दिसलं. तुमचा बोअर २०० मीटरचाच असला तरी प्रतिमा-लॉग मागा; पॅकरच्या ठशाशी ताडायला तो फार उपयोगी पडतो. कोअरच पातळ चकत्यांसारखी तुटून येत असेल तर तिथे ताण बराच जास्त आहे. त्या चकत्या फेकू देऊ नका; खोली लिहून त्यांचे फोटो काढा.

ओव्हरकोरिंग

बोगद्याच्या भिंतीजवळचा ताण बोगद्यामुळे बदललेला असतो. म्हणून बोगद्याच्या व्यासाच्या किमान दीड-दोन पट आत जाऊनच चाचणी घ्या. १५० मिलिमीटरचं भोक तिथपर्यंत न्यायचं आणि त्याच्या तळाशी बरोबर मध्यावर ३८ मिलिमीटरचं छोटं भोक पाडायचं. त्या छोट्या कोअरमध्ये भेग दिसली तर आणखी पुढे जा. भिंत स्वच्छ आणि कोरडी करून १२ स्ट्रेन गेजचा सेल गोंदाने चिकटवायचा आणि रात्रभर सुकू द्यायचा. सकाळी ड्रिलचं पाणी नुसतं सोडून ठेवा. वाचन स्थिर झाल्याशिवाय कापायला सुरुवात करू नका, कारण पाण्याच्या गारव्यानेही गेज हलतात. मग मोठ्या बिटने सेलभोवतीचा कातळ कापत न्या. दर दोन सेंटिमीटरला वाचन. कातळ मोकळा झाला की तो प्रसरण पावतो, आलेख चढून सपाट होतो, आणि सपाट भागाचेच आकडे हिशोबात घेतात.

निघालेला पोकळ कोअर लगेच बायअॅक्सिअल चेंबरमध्ये (सभोवताली दाब देणाऱ्या नळकांड्यात) दाबून त्याची लवचीकता काढा. दुसऱ्या कुठल्या कोअरचं मूल्य वापरलं तर चूक थेट ताणात उतरते. अमिग्डलॉइडल बसाल्टमध्ये मोठे बुडबुडे गेजच्या लांबीएवढे असतात. तिथे बारा गेज बारा दिशांना बोलतात. ओलसर भोकात गोंद धरत नाही. या दोन्ही ठिकाणी मी ओव्हरकोरिंगवर पैसा घालणार नाही.

फ्लॅट जॅकचं थोडक्यात सांगतो. सुरुंगाने खिळखिळा झालेला थर काढून खऱ्या कातळापर्यंत जा, खुंट्या रोवून त्यांच्यातलं अंतर मोजा, मध्ये फट कापा. खुंट्या जवळ येतात. फटीत जॅक बसवून खुंट्या मूळ अंतरावर येईपर्यंत दाब वाढवा. हा दाब, जॅकच्या गुणांकाने दुरुस्त केल्यावर, भिंतीच्या त्या जागचा ताण. तो बोगदा खणल्यानंतरचा आहे, मूळ कातळातला नव्हे, असं अहवालात ठळक लिहा.

मातीत

मातीचं गणित पाण्यावाचून सुरूच होत नाही. एकूण ताणातून रंध्रदाब वजा केला की कणांवर खरोखर येणारा परिणामी ताण उरतो. म्हणून पहिलं काम पीझोमीटर (मातीतल्या पाण्याचा दाब मोजणारं साधन) बसवून त्याचं वाचन स्थिर होऊ देणं. मुंबईच्या सागरी चिखलात, पाणी जमिनीलगत असताना, १० मीटर खोलीवर (घनमीटरला १६ किलोन्यूटन धरून) एकूण उभा ताण १६० किलोपास्कल, पाणी ९८, परिणामी ताण फक्त ६२. आडव्या ताणासाठी याकी यांचं सूत्र: गुणोत्तर = १ − साइन(घर्षणकोन). २४ अंशांना ०.५९, म्हणजे परिणामी आडवा ताण ३७ आणि पाणी धरून एकूण १३५ किलोपास्कल. हे सूत्र फक्त कधीही जास्त दाब न सोसलेल्या मातीसाठी आहे. सुकून-भिजून फुगणाऱ्या काळ्या मातीला ते लावू नका. तिच्यात आडवा ताण ऋतूप्रमाणे बदलतो.

मोजायला सोयीचं साधन म्हणजे मार्केटी यांचं चपटं डायलाटोमीटर: ९५ मिलिमीटर रुंद, १५ मिलिमीटर जाड पातं आणि त्यावर ६० मिलिमीटरचा पोलादी पडदा. पातं दाबून आत न्यायचं, दर २० सेंटिमीटरला थांबायचं, वायूने पडदा फुगवायचा. पडदा मातीपासून सुटतो तेव्हाचं एक वाचन आणि १.१ मिलिमीटर पुढे गेल्यावर दुसरं. पडद्याचं हवेतलं कॅलिब्रेशन चाचणीच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा घ्या. सुटण्याच्या दाबातून पाण्याचा दाब वजा करून उभ्या परिणामी ताणाने भागलं की एक निर्देशांक मिळतो. तो २.२ आला तर मार्केटी यांच्या संबंधाने गुणोत्तर (२.२ ÷ १.५)^०.४७ − ०.६, म्हणजे सुमारे ०.६० निघतं. वरच्या अंदाजाशी ते जुळलं. जुळलं नसतं तर आधी पडदा तपासा, मग मातीचा इतिहास. मुरुमात किंवा दगडगोट्यांत मात्र हे पातं चालवू नका, पडदा फाटतो.

अचूक आडवा ताण हवाच असेल तर स्वतःच भोक पाडत जाणारं प्रेशरमीटर सर्वांत कमी डिवचतं, पण ते चालवायला मुरलेला हात लागतो.

भरावात किंवा भिंतीमागे कायमचं मोजायचं असेल तर अर्थ प्रेशर सेल. तेल भरलेली पातळ चकती. दाब बदलला की तिला जोडलेल्या ताणलेल्या तारेची कंपनसंख्या बदलते आणि त्यावरून दाब कळतो. सेल मातीपेक्षा कडक असेल तर ताण त्याच्याकडे ओढला जाऊन वाचन जास्त येतं, मऊ असेल तर कमी. म्हणून पातळ आणि रुंद सेल घ्या, दोन्ही बाजूंना चाळलेल्या वाळूची सारखी गादी द्या आणि वरचा पहिला थर हाताने ठोका, रोलरने नाही. शून्य वाचन बसवण्याआधी, सावलीत, तापमान स्थिर झाल्यावर घ्या. ते हुकलं तर पुढची सगळी वाचनं लंगडी. शॉटक्रीटमध्ये (फवारलेल्या काँक्रीटमध्ये) सेल उष्णतेने फुगतो आणि थंड झाल्यावर मागे पोकळी राहते. तिथे चिमटून दाब पुन्हा बसवण्याची नळी असलेलाच सेल मागा.

हातात काय घ्यायचं

अंतिम बिलावर सही करण्याआधी एजन्सीकडून पुढील गोष्टी ताब्यात घ्या: प्रत्येक चाचणीचा दाब, पाण्याची गती आणि वेळ यांचा सेकंदागणिक मूळ डेटा, नुसता छापील आलेख नव्हे; सेन्सर कुठे होता याची नोंद; सगळ्या उपकरणांची कॅलिब्रेशन प्रमाणपत्रं; चाचणीच्या दिवशीची भूजल पातळी; ठशांचे पूर्ण आकाराचे कागद, आणि उत्तर कशी ठरवली त्याची पद्धत. बाद केलेल्या चाचण्याही कारणासह यादीत हव्यात. शट-इन दाब दोन वेगळ्या माणसांनी, दोन वेगळ्या रीतींनी वाचलेला असावा आणि दोन्ही आकडे तक्त्यात शेजारी शेजारी असावेत. चाचणी झालेल्या भागांचा कोअर, खोली आणि वरची बाजू रंगाने खुणावून, प्रकल्प पूर्ण होईपर्यंत छपराखाली पेटीत ठेवा.